मिरीचे तिसरे दात

मिरीच्या बेचाळीस दातांपैकी शेवटचा सुळा डॉक्टर तहसीन मुजावर यांनी चिमट्यात धरला, दिव्याखाली फिरवून पाहिला आणि वाडग्यात टाकला. मूळ पार सडलं होतं. मिरजेच्या नवदंत केंद्रातल्या त्या शल्यगृहाच्या काचेबाहेर सुनीती मगदूम उभी होती, आणि तिच्यापासून चार हात लांब तिचा नवरा विद्याधर. बावीस वर्षांच्या संसारात मूलबाळ झालं नाही, झाली ती भांडणं. आता वेगळं व्हायचं ठरलं होतं. भांड्याकुंड्यांसकट सगळ्याची वाटणी झाली होती, फक्त मिरी, ही सात वर्षांची काळी कारवान कुत्री, कोणी न्यायची हे ठरत नव्हतं.

"रोज पेढे कोण चारायचं हिला?" सुनीती काचेकडे बघतच म्हणाली.

"आणि दात घासायचं काम कुणाकडे होतं?" विद्याधर म्हणाला. तोही काही कमी नव्हता.

डॉक्टरांनी दोघांना आत बसवून नीट समजावलं. कुत्र्याला माणसासारखेच दोनदा दात येतात. तिसऱ्या दातांचे कोंब हिरडीत असतात, पण एक प्रथिन त्यांना झोपवून ठेवतं. दंतांकुरक नावाचं औषध त्या प्रथिनाला अडवतं, कोंब जागे होतात आणि एकवीस दिवसांत नवे दात येतात. मिरीचं हाड इतकं झिजलं होतं की नवी मुळं धरली नाहीत तर जबडा मोडायला वेळ लागणार नव्हता.

"मग देऊन टाका की औषध," विद्याधर म्हणाला.

"पुढचं ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "तेच प्रथिन मेंदूतलंही एक दार बंद करतं. पिल्लाचं ते दार पहिले तीन महिने उघडं असतं. आम्ही त्याला वळणकाळ म्हणतो. त्या काळात जे रोज दिसतं, ऐकू येतं, ते पिल्लाला आपलं वाटतं. जे कधी आलंच नाही, ते कायमचं परकं. औषधानं मिरीचं ते दार पुन्हा उघडेल. जुनं वळण पुसलं जाईल, नवं बसेल. आणि हे एकदाच होतं. कोंब संपले की पुन्हा काही करता येत नाही."

सुनीतीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकवीस दिवस जो जवळ असेल, मिरी त्याची. तिनं मान वळवली, तर विद्याधर तिच्याकडेच बघत होता आणि त्याच्याही डोक्यात तेच होतं. मेल्याला बरं सुचतं असलं, असं तिला वाटलं.

मग काय, वकील बसले. दोन दिवस कीस काढून अटी ठरल्या. एकट्यानं कुणीच मिरीला भेटायचं नाही. रोज एक तास, दोघांनी मिळून, आणि खाणं त्याच तासात. केंद्रातल्या माणसांनी तोंडाला फडकं बांधून वावरायचं आणि मिरीसमोर चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर ती त्यांचीच होऊन बसायची. डॉक्टरांनी ते वाचून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अहो, तिच्या कानावर माणसाचं बोलणं तर पडायला हवं. त्यावर सुनीती म्हणाली, "आम्ही बोलू की."

आणि बोलले हो, बोलले. औषध सुरू झालं त्या पहिल्या दिवशी वाटी कुणी धरायची यावरून. दुसऱ्या दिवशी पेढ्यांवरून. तिथून गाडी सासूच्या आजारपणावर गेली, नणंदेच्या लग्नात झालेल्या अपमानावर गेली, बावीस वर्षांत जे जे गिळलं होतं ते सगळं त्या खोलीत बाहेर पडलं. तास संपला की दोघं घसा धरून दोन दारांनी निघून जायची. मिरी मधे बसून मऊ भात चाटायची, नवे दात शिवशिवायला लागले की रबरी हाड चावायची. बाकी तेवीस तास तिच्याभोवती तोंड बांधलेली मुकी माणसं.

बाविसाव्या दिवशी डॉक्टरांनी जबडा उघडून दाखवला. बेचाळीस दात, दुधासारखे. आता एकेकानं आत जायचं आणि मिरी कुणाला बिलगते ते बघायचं होतं.

सुनीती आधी गेली. गुडघ्यावर बसली, आवाजात होती नव्हती तेवढी माया आणली आणि म्हणाली, "मिरे, बाळा, ये गं माझ्याकडे."

मिरीचे कान मागे गेले. ओठ वर सरकला, नवे सुळे दिसले आणि गळ्यातून गुरगुर निघाली. सुनीतीनं आणखी हळू हाक मारली, तशी मिरीनं झेपच घेतली. डॉक्टरांनी पट्टा ओढला म्हणून हात वाचला. विद्याधर मनात खूश होऊन आत गेला. त्यानं तर कुजबुजूनच हाक मारली, आणि त्याच्या बाहीची चिंधी झाली.

"काय शिकवून ठेवलंयस तिला?" तो ओरडत बाहेर आला.

"मी? सोन्यासारखं जनावर नासवलंत तुम्ही," सुनीतीनंही आवाज चढवला.

आत मिरीनं शेपूट हलवायला सुरुवात केली. दारापाशी आली, कान टवकारून उभी राहिली आणि आनंदानं कुंईकुंई करायला लागली.

डॉक्टरांनी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "हळू आवाज तिनं वळणकाळात एकदाही ऐकला नाही. तो तिला परका आहे. तिचं घर म्हणजे तुमचं हे ओरडणं."

सुनीतीला ते पटेना. ती आत शिरून एकटीच भिंतीवर ओरडली. मिरी शांत झाली खरी, पण दाराकडे बघत राहिली, दुसरा आवाज कधी येतोय म्हणून. तो येईना तशी रडायलाच लागली. हळू बोलणाऱ्या माणसाच्या अंगावर जाणारी कुत्री कुणा एकाकडे सोडता येणार नाही, डॉक्टरांनी दाराबाहेरूनच स्पष्ट सांगितलं. एक तर दोघांनी एका छपराखाली न्या, नाहीतर ती इथेच पिंजऱ्यात, मुक्या माणसांत मरेपर्यंत राहील.

बाहेर कॉरिडॉरमध्ये विद्याधर मटकन खाली बसला. भिंतीला पाठ टेकली आणि तोंड ओंजळीत घेतलं. बावीस वर्षांत सुनीतीनं त्याला रडताना पाहिलं नव्हतं. तिचा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि आज पहिल्यांदाच वाटलं, जवळ बसावं याच्या, पाठीवर हात ठेवावा. ती बाहेर येऊन वाकली.

"अहो," ती हळूच म्हणाली.

उघड्या दारात मिरीचा ओठ वर सरकला.

सुनीती तशीच थांबली. एकदा मिरीकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग तिनं मोठा श्वास घेतला आणि सगळा कॉरिडॉर दणाणेल अशा आवाजात ओरडली, "पुसा ते डोळे आणि उठा, घरी जायचंय."

"तू सांगू नकोस मला," विद्याधर रडत रडत ओरडला.

मिरी येऊन दोघांच्या मधे पसरली आणि तिनं डोळे मिटले.