वरच्या मजल्यावरचा हत्ती

"आई, माझ्या डोक्यावर कुणीतरी हत्ती पाळलाय गं. शनिवार सकाळ झाली की सुरू... इकडून तिकडे, तिकडून इकडे. एक ओळ धड लिहू देईल तर शपथ."

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावच्या कॅम्पस बसमध्ये हे अस्सल मराठी गाऱ्हाणं आश्लेषाच्या कानाच्या अगदी मागे चाललं होतं. इथे आपली भाषा कुणाला कळतेय, अशा भरवशावर माणसं काय काय बोलून जातात! तिनं हळूच वळून पाहिलं. कुरळे केस, ओला मफलर, मांडीवर स्वरलिपीचे कागद. तिच्या खालच्या फ्लॅटमध्ये नुकताच राहायला आलेला तो.

त्यानं फोन ठेवेपर्यंत ती थांबली.

"हत्ती शनिवारी नागपूरला आईशी बोलतो," ती म्हणाली. "बसून बोलणं त्याला जमत नाही."

तो कानापर्यंत लाल झाला. पण उतरताना म्हणालाच, "मग आईंना माझा नमस्कार सांगा."

परीक्षित त्याचं नाव. जन्म अमेरिकेतल्याच श्रूजबरीचा, मराठी थेट आईच्या तोंडची. त्यामुळे पंचविशीतला हा मुलगा "कशाला उगीच दगदग" असं एखाद्या मावशीसारखं बोलायचा. संगीतरचना शिकत होता. दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांच्यासाठी त्याची नवी रचना मे महिन्यात वाजणार होती. पहिला भाग बसचं दार उघडताना टाकतं त्या सुस्काऱ्यावरून सुचलेला, दुसरा पन्हाळीतून गळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावरून. तिसरा अडला होता.

आपल्यामुळेच अडलाय असं वाटून आश्लेषा पुढच्या शनिवारी जाड मोजे घालून सोफ्यावर बसून आईशी बोलली. फोन ठेवते न ठेवते तोच दार वाजलं.

"बरं नाहीये का तुला?"

"का?"

"चालली नाहीस. मी... वाट बघत होतो."

"माझी?"

"पावलांची. म्हणजे, तिसरा भाग त्यातूनच येतोय. खिडकीपाशी थबकतेस, मग एकदम तरातरा परत येतेस. आई काय विचारते तेव्हा?"

"लग्नाचं," ती म्हणाली, आणि उगीचच मोजे काढू लागली.

मग ती शनिवारी चालायची, आणि फोन संपला की तो चहाला वर यायचा. कप हातात देताना बोटं लागायची... दोघंही चहा गरम आहे म्हणायचे.

एप्रिलमध्ये तिला शिकागोत नोकरी मिळाली, जूनपासूनची. त्यानं मनापासून अभिनंदन केलं. मग विचारलं, "जूनपर्यंत चालशील ना?"

"तुला आवडतो का नाही तो, यार?" रूममेट रेणूनं छेडलं.

"तो मला ऐकतो गं. बघतो की नाही, तेच कळत नाही."

कार्यक्रमाला त्याची आई, सुलभाकाकू, चिवड्याचा डबा घेऊन आल्या होत्या. तिसऱ्या भागात चेलो चालू लागला, खिडकीपाशी थबकला, तरातरा परत आला... आणि मध्येच थांबला. टाळ्या वाजवाव्यात की नाही, सभागृहाला कळेना. आश्लेषाला तर काहीच कळेना.

बाहेर काकूंनी तिला निरखून पाहिलं. "तूच का आमचा हत्ती?"

सगळे हसले. मग पार्किंगवर बोलले, चेलोवर बोलले, शिकागोच्या थंडीवर तर फारच बोलले.

"शेवट का नाही केलास?" शेवटी आश्लेषानंच विचारलं.

"केला होता. फाडला."

"का?"

"त्यात तू जातेस."

"पावलं काय, कुणाचीही मिळतील. वर दुसरं कुणी राहायला येईलच की."

"येईल. मी लिहीनही. तुझ्यावाचून लिहिता येणार नाही म्हणालो तर खोटं होईल..." त्यानं आईकडे पाहिलं, काकू चिवड्याच्या डब्याचं झाकण लावण्यात फारच गुंतल्या होत्या. "पण तुझ्यावाचून करमणार नाही, आश्लेषा. मला तू आवडतेस. अगदी मोजे घालून गप्प बसलेलीसुद्धा."