कागद उजव्या हातात धरून या

शिरगावच्या एका इमारतीत वीज गेली, तशी पोरं गच्चीवर हरेशकाकांभोवती जमली. काका म्हणाले, ही ऐकीव गोष्ट नाही. बारवीकडच्या श्यामकांतने ती घडली त्याच रात्री त्यांच्या दारात येऊन सांगितली होती.

दोन वर्षांपूर्वीची पंधरा डिसेंबर, शुक्रवार. श्यामकांत अंबरनाथला शिवमंदिराजवळ एक कागद लॅमिनेट करायला गेला होता. दुसऱ्या दिवशी, विजय दिनाला, गावच्या शाळेत माजी सैनिक म्हणून त्याचा सत्कार होता. एकाहत्तरच्या लढाईत शत्रूच्या सैनिकांवर विमानांतून 'शरण या' सांगणारी पत्रकं टाकली होती, त्यातलं एक त्याने ट्रंकेत जपून ठेवलं होतं. उर्दूतलं. त्यावर लिहिलं होतं: कागद उजव्या हातात धरून, हात वर करून या. गोळी झाडली जाणार नाही. जेवण मिळेल, घरी पाठवू. या कागदाने माणसं वाचली, असं तो मुलांना सांगणार होता. टाकायच्या गठ्ठ्यातून उरलेला कागद, असं तर तो बायकोलाही सांगत आला होता.

झेरॉक्सवाला म्हणाला, "आजोबा, कोपऱ्यात तपकिरी डाग आहे. स्कॅन मारून साफ करून देऊ?"

श्यामकांत नको म्हणाला. गरम प्लास्टिकच्या चारही कडा चाचपल्या, पिशवीत ठेवलं आणि निघाला.

बदलापूर मागे पडलं. बारवी रोडला नऊला दहा कमी असताना स्कूटरच्या उजेडात एक माणूस उभा दिसला. दोन्ही हात वर. लिफ्ट हवी असेल, म्हणून श्यामकांतने ब्रेक दाबला.

"कुठे जायचंय रे?"

…

हात खाली येईनात. उजवी मूठ काहीतरी धरल्यासारखी. मुठीत काही नव्हतं.

"काका, फोटो नाही काढला त्यांनी?" राजसीने विचारलं. कोणीतरी फिसकन हसलं. काका हसले नाहीत. श्यामकांतला भीतीसुद्धा वाटली नाही म्हणे. बावन्न वर्षं काहीच वाटलं नव्हतं, तेव्हाही वाटलं नाही.

त्याने माणूस ओळखला होता. एकाहत्तरच्या लढाईत एका पहाटे धुक्यातून तो असाच आला होता. कागदात लिहिलं होतं, अगदी तसाच. श्यामकांतने गोळी झाडली. मग त्याच्या मुठीतून हाच कागद सोडवून घेतला. कोणालाच सांगितलं नाही.

आता तो समोर. हात वर.

श्यामकांतने स्कूटर बंद केली. उजेड गेला. काही दिसेना.

…

"आ जाओ," तो म्हणाला. "गोली नहीं चलेगी."

पावलं आली. जवळ. अगदी कानाशी…

पुढे गेली.

दहाच्या सुमारास तो हरेशकाकांच्या दारात उभा होता. पाणीही घेतलं नाही. सगळं सांगितलं. उद्या शाळेत हेच सांगणार, म्हणाला. मग पिशवीतून प्लास्टिक काढून काकांच्या हातात दिलं.

काकांनी बॅटरी धरली. चारही कडा चिकटलेल्या. कुठे काप नाही, छिद्र नाही.

आत कागद नव्हता.

कोपऱ्यातला डाग तेवढा होता.