कोंबड्याचा नमुना

“दोन वर्षांत एकही कोंबडी माझ्या हातून सुटलेली नाही,” तियामिके म्हणाली, आणि त्याच क्षणी दालित्सोचा कोंबडा तिच्या डोक्यावरून उडून शेजारणीच्या पातेल्यात उतरला.

दालित्सो न्दिरांडे वस्तीतला शिंपी. महिनाभर ताप, हिवताप समजून तीनदा गोळ्या गिळल्या. शेवटी इस्पितळात रक्त तपासलं, तर साल्मोनेला! तियामिके त्याच इस्पितळाची, घरोघर नमुने गोळा करणारी. नियम असा, की जिथे जंतू सापडला त्या घरातल्या सगळ्यांचे नमुने घ्यायचे. माणसांना शौचासाठी डबी, कोंबड्यांना मागून कापसाची काडी.

“पुढच्या शनिवारी या,” दालित्सो हसू दाबत म्हणाला. “त्याला समजावून ठेवतो.”

“समजेल त्याला?”

“छे! पण तुम्ही याल ना…”

ती आली. पाच शनिवार आली. कोंबडा पत्र्यावर, हे दोघं खाली चहा पीत. सहाव्या शनिवारी दालित्सोने शिवणयंत्र थांबवलं.

“तू माझी फाइल वाचलीयस… मला एचआयव्ही आहे.”

“पहिल्याच दिवशी वाचली. तरी आले ना? गोळ्या घेतोस?”

“रोज.”

“मग माझ्या मामांकडे मागणी घालायला माणसं कधी पाठवतोस?”

जूनपर्यंत त्याच्या गालांवर मांस चढलं. मामांना त्याने स्वतःच सगळं सांगितलं होतं. चिन्खोस्वेचा, म्हणजे साखरपुड्याचा दिवस उजाडला. मुलाकडचा कोंबडा, मुलीकडची कोंबडी, अदलाबदल झाली की लग्न पक्कं. ऐनवेळी मामांनी हात मागे घेतले.

“यांच्या घरचं पाखरू मी धरणार नाही. काय रोग असेल कुणास ठाऊक!”

दालित्सो उठला. “लपवायचं काय? मला एचआयव्ही आहे, गोळ्या घेतो, धडधाकट आहे.”

“ऐकलंत?” तियामिके कडाडली. “माझ्या माणसाच्या रक्तात काय आहे ते मला ठाऊक आहे! इथल्या किती जणींना ठाऊक आहे?”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग मागून एका म्हातारीने जीभ भराभर हलवत आनंदाची आरोळी ठोकली आणि सगळ्याजणी सुटल्या. तियामिकेने मामांच्या हातातली कोंबडी हिसकावली, दालित्सोच्या कुशीत दिली आणि त्याचा कोंबडा स्वतः उचलला. आज कोंबड्याचे पाय बांधलेले होते. तिने पर्समधून दोन काड्या काढल्या.

“रोगाची एवढी काळजी ना, मामा? दोघांचेही नमुने घेते.”

गुरुवारी अहवाल आला. कोंबडा स्वच्छ निघाला. कोंबडीत साल्मोनेला सापडला. नियमाप्रमाणे शुक्रवारी सकाळी मामांना डबी देण्यात आली.