एक घास, एक घोट

तो पहिल्यांदा आला तेव्हा चुकीच्या रांगेत उभा होता. शेजारच्या फिशबॉलवाल्याच्या रांगेचं शेपूट आमच्या नूडल्सच्या गाळ्यासमोरून वळतं, आणि आमच्या हौगांग वस्तीत नवा आलेला माणूस हमखास फसतो. "कितीजणांचं?" मी विचारलं. त्याने वर पाहिलं. पातेल्यातून वाफेचा लोट आला, त्याचा चष्मा पांढरा झाला, आणि काचा न पुसताच तो म्हणाला, "एकाचं... म्हणजे, मी एकटाच आहे."

"काय काय घालू? मांस, कातडी, टोफू, अंडं, छोटं आतडं, मोठं आतडं?"

"तुम्ही म्हणाल ते."

"मी सगळंच म्हणेन."

"मग सगळं."

वेंग किट त्याचं नाव. कँटोनीज घरातला, जवळच्या शाळेत भूगोल शिकवायला नुकताच लागलेला. त्यानंतर तो दर रविवारी येऊ लागला. मीही रविवारीच गाळ्यावर असते. आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून तिची जागा मी घेतलीय. एरवी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते.

त्याच्या येण्याने सर्वांत खूश झाले ते माझे वडील. मी त्यांना पा म्हणते. डुकराचं मोठं आतडं विकणं बंदच करायचं त्यांच्या मनात होतं. पहाटे उठून ते उलटं करायचं, मीठ आणि पीठ लावून चोळायचं, धुवायचं, पुन्हा चोळायचं... आणि तरुण मुलं ते ताटलीच्या कडेला सारून निघून जातात. पण वेंग किटची ताटली लख्ख असायची.

"बघितलंस, खेंग?" पा मला कोपर मारून म्हणायचे. "चव अजून मेलेली नाही!" आणि पुढच्या रविवारी त्याला दोन तुकडे जास्त.

मी मात्र त्याच्याकडे जरा जास्तच बघत होते... म्हणून मला ते दिसलं. एकदा शेजारचं टेबल पुसता पुसता मी हळूच म्हटलं,

"तू ते चावत नाहीस."

"काय?"

"आतडं. एक घास, एक घोट बार्लीचं पाणी. गोळी गिळतात तसं."

त्याने घाबरून गाळ्याकडे पाहिलं. "हळू बोल ना! तुझे पा ऐकतील."

"आवडत नाही?"

"लहानपणापासून नाही. पण पहिल्या दिवशी तू 'सगळंच' म्हणालीस—"

"आणि दुसऱ्या रविवारी? तेव्हा कोणी धरून आणलं होतं?"

"दुसऱ्या रविवारी..." तो चॉपस्टिकने अंडं फिरवत राहिला. "तुझे पा रिकाम्या ताटलीकडे बघून असे हसले होते ना, की म्हटलं, एवढं तर गिळूच."

"म्हणजे तू पांसाठी येतोस?"

"नूडल्सही छान असतात."

"नुसत्या नूडल्स?"

"रस्सासुद्धा," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मला हसू आलं. एक परका मुलगा माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावरचं हसू टिकावं म्हणून दर रविवारी नावडतं गिळत होता. पण पा त्याच्यासाठी पहाटे उठत होते. हे असं चालू देणं बरं नव्हतं.

"पांना तूच सांग. पुढच्या रविवारी."

"आणि त्यांनी मला येऊच नको म्हटलं तर?"

 याचं उत्तर मी आठवडाभर शोधत होते.

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. रांगेत नंबर लागला तेव्हा त्याने तोंड उघडलं, पण त्याआधीच पांनी पळी उगारून आमच्या तिओचू बोलीत विचारलं, "ऐ?"

आमच्या बोलीत 'ऐ' म्हणजे 'हवंय'. पण वेंग किटला तिओचू येत नाही, आणि त्याला येणाऱ्या मँडरिनमध्ये या शब्दाचा अर्थ एकच — प्रेम. त्यातून पळीच्या रोखाने आधी पातेलं होतं, आणि पातेल्यामागे मी.

तो कानांपर्यंत लाल झाला. मग ताठ उभा राहिला. "हो, अंकल," तो मँडरिनमध्ये म्हणाला.

"अगदी मनापासून?" पांनीही मँडरिनमध्येच विचारलं.

"मनापासून. पहिल्या दिवसापासून. तुमची परवानगी असेल तर..."

"परवानगी कसली मागतोस, पोरा!" पांनी आख्खं मोठं आतडं फळीवर आपटलं आणि सुरी चालवायला लागले. "घे, पोटभर घे!"

ताटलीत डोंगर झाला. वेंग किट त्या डोंगराकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी हातातला वाडगा खाली ठेवला.

"पा," मी म्हटलं, "तो... आतड्याबद्दल बोलत नव्हता."

सुरी थांबली. "मग?"

पांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, परत माझ्याकडे. "आणि आतडं?"

"आवडत नाही, अंकल," वेंग किट म्हणाला. "कधीच आवडलं नाही. माफ करा."

"मग इतके रविवार...?"

"तुम्ही बघत होता ना."

पांनी हात पुसले. एप्रनसकट गाळ्याबाहेर आले. गर्दीच्या वेळी त्यांना बाहेर येताना मी तोवर पाहिलं नव्हतं. ताटली उचलून ते टेबलाशी बसले, आणि आम्हाला समोरची स्टुलं दाखवली. आम्ही बसलो.

"माझ्यासाठी एवढं कुणी खाल्लं नव्हतं रे," ते ताटलीकडे बघत म्हणाले. मग विचारलं, "अंडं तरी आवडतं?"

"अंडं आवडतं."

"मग अंडं तू घे. टोफूही घे. हे आम्ही बापलेक संपवतो."

मी पहिला तुकडा उचलला. मऊ, किंचित चिवट, कुलंजन आणि चक्रीफुलाच्या वासाचा. टेबलाखाली माझ्या बोटांना त्याची बोटं लागली आणि तिथेच राहिली. कोणाकोणाचे आभार मानू, मला कळेना. शेजारच्या त्या वळणाऱ्या रांगेचेसुद्धा मानायला हवे होते.

"अहो, गाळ्यावर कुणी आहे की नाही?" रांगेतून एक आजोबा ओरडले.

पांनी मान वळवली. "थांबा हो जरा," ते तोंडातला घास न गिळताच म्हणाले, "घरची माणसं जेवतायत."