डॉक्टरांनी नापास केलेल्या सहा गाड्या

"माझे काका चोर आहेत का, ते शोधून द्या," ती दारातूनच म्हणाली. "शनिवारी सकाळी अकराच्या आत."

मावशीने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. भाच्याने वही उघडून तारीख टाकली. एवढं काम त्याला जमायचं.

मावशीने बावीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडले होते. निवृत्तीनंतर घरी खोटं बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून तिने लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर हे ऑफिस थाटलं. भाचा एक्केचाळीस वर्षांचा. त्याचे चार धंदे बुडाले होते. शेवटचा मेणबत्त्यांचा होता, तो वितळला. मावशीकडे तो तात्पुरता आला होता, त्याला सहा वर्षं झाली.

"बस आधी. पाणी पी. आणि सुरुवातीपासून सांग."

मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. आईबाप गेले तेव्हा ती सात वर्षांची. काका-काकूंनी वाढवलं. काका मेकॅनिक. जुनी गाडी घेणारा माणूस आधी ती त्यांना दाखवायचा. पास झाली की जुन्या गाड्यांच्या संघटनेने दिलेला शिक्का ते चिठ्ठीवर मारायचे, आणि मग त्या गाडीबद्दल कुणी शब्द काढायचा नाही. शहर त्यांना डॉक्टर म्हणायचं.

"मला छोटी गाडी हवी होती, पण मरतुकडी नको. दोन दारांची, जमिनीला चिकटून धावणारी, वळणावर मजा आणणारी. चार वर्षं पैसे साठवले, तरी त्यात जुनीच बसते. म्हटलं, काका आहेत, काळजी कसली? तर काकांनी लागोपाठ सहा गाड्या नापास केल्या." तिने पाकिटातून सहा चिठ्ठ्या काढल्या. "त्यातल्या पाच काकांच्या शेजारच्या दलालाने स्वस्तात उचलल्या. आता संघटना म्हणते, दोघांची मिलीभगत आहे. शनिवारी काकांचा शिक्का काढून घेणार."

मावशी चिठ्ठ्या वाचू लागली. पहिली: आरशाला तडा. दुसरी: डिकीत गंज. तिसरी: मागच्या सीटचा पट्टा फाटका. चौथी: टायर दोन कंपन्यांचे. पाचवी: दाराचं रबर सुकलं. सहावी: डाव्या बाजूचा रंग दुबार. प्रत्येकीखाली एकच शब्द: नको.

"तुला काय वाटतं?"

"काका खोटं बोलत नाहीत. पण पहिली गाडी रोज माझ्या लॅबसमोर उभी असते. लाल आहे हो. मालक म्हणतो, दहा हजार किलोमीटर झाले, एक खिळा बदलला नाही." तिने रिकामं पाकीट मिटलं. "काकांना किती वेळा विचारलं, का नको? तोंड फिरवून निघून जातात. सहाव्या गाडीनंतर मी बोलणंच टाकलं. ज्यांनी माझी सायकलसुद्धा उलटी करून तपासली, त्यांनीच मला विकलं असेल, तर मला कळू दे. नसेल, तर मी त्यांच्याशी फार वाईट वागले आहे."

ती गेल्यावर भाचा म्हणाला, "सरळ आहे. दलालाने पैसे चारले."

"सरळ आहे म्हणूनच थांब," मावशी म्हणाली. "तुझी गाडीही डॉक्टरांनीच पाहिली होती ना? चिठ्ठी आहे?"

होती. तीन वर्षांपूर्वीची, गाडीच्या कप्प्यात. *पाण्याचा पंप कण्हतो, सहा महिने काढेल. टॅपेट वाजतात, घाबरू नका. घ्या.* पंप सहा महिने चार दिवसांनी गेला होता. ते चार दिवस फुकट मिळाले म्हणून भाचा तेव्हा पेढे वाटायला निघाला होता.

मावशीने ती चिठ्ठी बाकीच्या सहांत नेऊन ठेवली.

दलालाला सगळे 'फायनल' म्हणायचे, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथेच संपायचं.

"मी कुणाला दमडी दिली नाही, फायनल! अहो, डॉक्टरांनी नापास केली की मालकाचं तोंड पडतं. मी विचारतो, कारण काय? तर म्हणे आरसा. आरशासाठी कुणी गाडी सोडतं का? भाव पाडला, उचलली."

"पाचही चांगल्या निघाल्या?"

फायनलचा चेहरा आंबला. "चार. ती फाटक्या पट्ट्याची मला बुडवून गेली. महिन्यात इंजिन बसलं. मागाहून त्या मालकाची सासू म्हणते, ते तर पहिल्यापासून टकटक करत होतं! माझ्या पोराने आणली ना, मी चालवून पाहिलीच नाही. बाकी लोकांच्याही गाड्या डॉक्टर उडवतातच. अकरा महिन्यांत एक पास केली नाही. म्हातारा सटकलाय, फायनल."

भाच्याने लिहिलं: *फायनलवर विश्वास नको.* आणि खाली रेघ मारली.

डॉक्टरांचं गॅरेज पलीकडेच. जमीन इतकी स्वच्छ, की भाच्याने नकळत चपला झटकल्या. डॉक्टर एका चालू इंजिनवर वाकले होते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलेलं आणि मूठ दातांत धरलेली. भाच्याला वाटलं, जेवणाची वेळ असावी.

मावशी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"अशा उजेडात या," डॉक्टर म्हणाले. "कोण आहे ते कळलेलं बरं."

"तुमच्या पुतणीने पाठवलंय. फायनलकडून पैसे घेता का तुम्ही?"

डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्यावरून नजर हटवली नाही. पापणीसुद्धा नाही. *निगरगट्ट,* भाच्याने टिपलं.

"पोरगी माझी आहे. मी नको म्हणालो ना, मग नको," एवढं बोलून ते दुसऱ्या गाडीच्या चाकाशी बसले.

टेबलावर धुळीत एक स्वच्छ चौकोन होता. तिथला फोन काढून ठेवलेला. तो बघताना मावशीचा धक्का लागला आणि पान्यांचा अख्खा ट्रे फरशीवर कोसळला. भाचा हातभर उडाला. फायनल भिंतीवरून डोकावला. "कोण मेलं?"

"हात कापतो हल्ली," मावशी म्हणाली. डॉक्टर शांतपणे टायरची नक्षी बोटाने चाचपत होते. एवढं नुकसान होऊनही माणूस चिडला नाही, याचं भाच्याला कौतुक वाटलं. त्याने 'निगरगट्ट' खोडलं.

घरी काकूंनी दार उघडलं ते ओल्या हातांनी. स्वयंपाकघर लहान. ओटा भिंतीला लागून, आणि मागे दाराजवळ डॉक्टरांची खुर्ची.

"पैशाचं मला काही माहीत नाही," भाजी चिरायला पाठ करत काकू म्हणाल्या. "माझ्याशी बोलतच नाहीत ते. वर्ष होत आलं."

"भांडलात?"

"मीच बोलून गेले. म्हटलं, पुरे झालं आता, विका ते गॅरेज. जिव्हारी लागलं बहुतेक. तेव्हापासून त्या खुर्चीत येऊन बसतात, जेवतात, उठतात. मी रोज माफी मागते हो. इथेच, हे असं काम करता करता. तोंडावर म्हणायचा धीर होत नाही." सुरी थांबली. "एका शब्दाने उत्तर नाही. चाळीस वर्षांचा संसार, आणि माणूस इतका दगड होतो?"

गाडीत बसल्यावर भाच्याने किल्ली फिरवली.

"मावशी, सापडला का चोर?"

"चोर असता तर बरं झालं असतं रे," ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी मावशीने सगळ्यांना गॅरेजात जमवलं. डॉक्टरांना तिने दाराकडे तोंड करून बसवलं आणि बाकीच्यांना त्यांच्यासमोर ओळीने, उजेडात. भाच्याला वाटलं, फोटो काढायचा आहे.

"फायनल, आधी तुमचं," ती सावकाश म्हणाली. "गाडीचा भाव पाडायला कुणी मेकॅनिकला पैसे चारले, तर तो काय लिहील? इंजिन गेलं, गिअरबॉक्स गेला. आरशाला तडा लिहायचे पैसे कुणी देत नाही. शिवाय फाटक्या पट्ट्याची गाडी तुम्हाला बुडवून गेली. भागीदार असता, तर आधी चालवून बघा, एवढं तरी डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं असतं. तुम्ही सुटलात. जा."

"फायनल?"

"फायनल."

तो गेल्यावर मावशीने सात चिठ्ठ्या मांडल्या.

"ही तीन वर्षांपूर्वीची. पंप कण्हतो, टॅपेट वाजतात. या सहा आत्ताच्या. तडा, गंज, पट्टा, टायर, रबर, रंग. सगळं डोळ्यांनी दिसणारं, बोटांना लागणारं. एकही वाजत नाही, एकही कण्हत नाही. ज्या इंजिनची टकटक एका सासूला कळली, ती डॉक्टरांना कळली नाही. का?"

मावशीने टेबलावरच्या रिकाम्या चौकोनाकडे बोट केलं.

"फोन काढून टाकलेला. समोर या, उजेडात या. म्हणजे ओठ दिसतात. स्क्रू-ड्रायव्हर मेकॅनिक कानाला लावतो, तुम्ही दातांत धरता, निदान थरथर तरी लागावी म्हणून. आणि मी तुमच्या पाठीमागे पान्यांचा ट्रे पाडला, तेव्हा शेजारचा भिंतीवर चढला. तुम्ही मान वळवली नाहीत."

भाच्याने वही मिटली. तिच्यात लिहिलेलं सगळं चुकीचं होतं.

"काका?" मुलगी म्हणाली.

डॉक्टर हातातल्या फडक्याकडे बघत होते. मग बोलू लागले, जरा जास्तच मोठ्याने.

"आधी वाटलं, हल्ली गाड्या चांगल्या बनतात. आवाजच करत नाहीत. मग वाटलं, ही घरात बोलेनाशी झाली. मग एक दिवस इंजिन चालू आहे की बंद, ते हात लावून बघावं लागलं. लांबच्या डॉक्टरकडे गेलो. म्हणाला, या कामानेच गेले कान, आता येणार नाहीत. यंत्र लावून पाहिलं. त्यात माणूस थोडाफार कळतो. इंजिन नाही. नुसती खरखर." ते पुतणीकडे वळले. "ऐकल्याशिवाय घे कसं म्हणू तुला? तू ती वळणावर पळवणार. आत बेअरिंग मोडायला आलेलं असतं तर?"

"मग ऐकू येत नाही म्हणायचं ना हो!" मुलगी रडत होती.

त्यांना तिचे ओठ कळले नाहीत. रडताना ओठ वाकडे होतात. मावशीने ते सरळ करून सांगितलं.

"आणि मग काय करायचं?" डॉक्टर म्हणाले. "मला दुसरं येतं काय?"

काकू भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. त्यामुळे त्या काय म्हणत होत्या, ते डॉक्टरांना आजही समजलं नाही.

"उद्या मी संघटनेत सगळं सांगते," मावशी म्हणाली. "तुमच्या नावावरचा डाग एका वाक्यात निघेल."

"नको."

"अहो, चोर म्हणतील तुम्हाला!"

"म्हणू देत. चोर मेकॅनिककडे लोक येतात, फक्त घासाघीस जास्त करतात. बहिऱ्याकडे कोण येईल? कुणीही तोंड उघडायचं नाही. शपथ घ्या."

मावशीने शपथ घेतली. भाच्याने घेतली. मुलीनेही शेवटी घेतली. काकूंना कुणी विचारलंच नाही.

शनिवारी संघटनेची खोली भरली होती. अध्यक्ष जुने ट्रकवाले, आणि त्यांच्या मिशा अशा, की खाली तोंड आहे हे जेवताना कळावं. ते कागदात मान घालून वाचत होते. डॉक्टर समोर ताठ उभे, इस्त्रीच्या शर्टात. त्या मिशांवर त्यांची नजर खिळली होती आणि कपाळावर घाम होता. शिक्का टेबलावर होता.

"तर सरळ विचारतो," अध्यक्ष कागदाला म्हणाले. "फायनलकडून पैसे घेतलेत का?"

डॉक्टर तसेच उभे राहिले.

"घेतलेत का?"

मागे कुणीतरी हसलं. "मूग गिळले," कुणी म्हणालं. भाच्याने मावशीकडे पाहिलं. मावशी आपल्या हातांकडे बघत होती. मुलीने ओठ इतके आवळले होते, की ते पांढरे पडले.

"तिसऱ्यांदा विचारतो. उत्तर नसेल, तर आम्ही काय ते समजू."

डॉक्टर मिशांकडे बघत राहिले. अध्यक्षांनी शिक्क्याकडे हात नेला.

खुर्ची सरकली. काकू उठल्या. दोन रांगा ओलांडून त्या टेबलापाशी गेल्या आणि अध्यक्षांकडे पाठ करून, खिडकीच्या उजेडात, नवऱ्याच्या अगदी समोर उभ्या राहिल्या. पदर त्यांनी तोंडावरून बाजूला केला.

"तुम्ही पैसे घेतलेत का," एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या, "असं विचारतायत हो ते."

खोलीतलं हसू जागच्या जागी विरलं. अध्यक्षांनी कागद खाली ठेवला. फायनल आपल्या बुटांकडे बघू लागला.

डॉक्टरांनी बायकोचे ओठ शेवटच्या अक्षरापर्यंत पाहिले.

"नाही!" ते म्हणाले.

खिडकीतली कबुतरं उडाली, आणि आपला आवाज केवढा मोठा लागला, हे त्या खोलीत एकट्या त्यांनाच कळलं नाही.