परतीची गाडी

श्रावणातली सर तिरकी आली आणि आम्रपालीची छत्री उलटी झाली. शिरवळच्या खोक्यांच्या कारखान्यासमोर, महामार्गाच्या कडेला एक ट्रक उभा होता. त्याच्या आडोशाला ती धावली… आणि ट्रकखालून एक माणूस बाहेर सरकला, तशी दचकून पुन्हा पावसात गेली.

"भिऊ नगा. ताडपत्रीची दोरी अडकलीवती, तीच काढत होतो," तो उठत म्हणाला. गालावर ग्रीसचा काळा पट्टा, डोळे मात्र हसरे.

"भितंय कोण?" ती ऐटीत परत आली. "गाडी कुठली?"

"तासगावची. पुण्याला बेदाणा उतरवला, आता सांगलीकडं माघारी."

"रिकामी?"

"रिकामीच. परतीला आमाला कोण माल देतंय!"

तेवढ्यात कारखान्याच्या फाटकातून ठेकेदाराचा जुना ट्रक बाहेर पडला. खोक्यांनी शिगोशीग भरलेला, काळा धूर ओकत तोही सांगलीलाच निघाला होता. उद्या तो तिकडून रिकामा येणार होता. आम्रपालीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा या रिकाम्या ट्रककडं, आणि तिला एकदम हसू फुटलं.

"माझ्या तोंडाला काय लागलंय व्हय?"

"लागलंय. पण मी त्याला हसत नाहीये."

त्यानं बाहीनं गाल पुसला. ग्रीस कानापर्यंत पसरलं. मग मात्र ती त्यालाच हसली.

त्याचं नाव कपिल. स्वतःचाच ट्रक, स्वतःच चालवायचा. आणि आम्रपाली कारखान्यातला माल पाठवण्याचं काम बघायची. जुलैत, बेदाण्याचा एक परदेशी खरेदीदार सांगलीहून मुद्दाम कारखाना बघायला आला होता. आमच्या बेदाण्याचं खोकं इथून सांगलीला न्यायला किती डिझेल जळतं, किती कार्बन हवेत जातो, असं त्यानं विचारलं. अठ्ठ्याण्णव सालात असलं कुणी विचारत नव्हतं. मालक लालासाहेब गोंधळले, पण गिऱ्हाईक मोठं होतं. "आम्रपाली, धूर कमी कर," ते म्हणाले, "आणि खर्च वाढता कामा नये."

तेव्हापासून तिची झोप उडाली होती. नवीन गाड्या धूर कमी सोडायच्या, पण भाडं जास्त. रेल्वेनं पाठवायचं तर चढ-उतार दुप्पट, खोकी दबणार. सगळ्यात स्वस्त तो जुना ठेकेदार, आणि सगळ्यात काळा धूर त्याचाच. एक धरावं तर दुसरं सुटायचं.

"तुम्ही परतीला आमची खोकी न्याल?" तिनं विचारलं. "तुमची गाडी तशीही जाणारच. म्हणजे आमची एक आख्खी फेरीच वाचली. डिझेल वाचलं, धूर वाचला, आणि परतीचं भाडंही कमी."

कपिल तिच्याकडं बघतच राहिला. "लय भारी डोकं हाय तुमचं! पर एक अडचण… बेदाणा पुण्याला निघंल तवाच मी हितनं जाणार. तुमाला वाट बघावी लागंल."

"खोक्यांना काय, ती बघतील."

"खोक्यांचं न्हाई इचारलं."

पाऊस कधीच थांबला होता. दोघांच्याही ते उशिरा लक्षात आलं.

लालासाहेबांनी कुरकुर केली. गाडी येईपर्यंत खोकी ठेवायची कुठं, आणि आलीच नाही तर? आम्रपालीनं गोदामाचा एक कोपरा रिकामा करून दाखवला. शेवटी ते म्हणाले, "एक खेप बघू. शुक्रवारी दुपारपर्यंत खोकी सांगलीत पाहिजेत, बेदाणा भरून संध्याकाळी कंटेनर बंदराकडं निघतो. चुकलं, तर जुना ठेकेदार परत. आणि हे काम तुझ्याकडं राहणार नाही."

मधल्या दिवसांत कपिल दोन-तीनदा पुण्याला जाताना थांबला. कधी ताडपत्री नवी घेतल्याचं दाखवायला, कधी नुसताच.

"आज काय काम?" ती विचारायची.

"इंजिनाचं काम करून घेतलं. धूर बघा की, कसा पांढरा येतो."

"पांढरा नाही, यायलाच नको!"

"तुमी कोयनानगरच्या. पाण्यावर वीज करणारी माणसं, तुमाला धूर कसा चालंल…" तो खोटाखोटा सुस्कारा सोडायचा, आणि दिवसभर तिला उगाचच हसू यायचं.

शुक्रवारी ती पहाटेच्या एसटीनं पुढं सांगलीला गेली; कपिल खोकी भरून मागून निघणार होता. शीतगृहाच्या आवारात बायका बेदाणा निवडून बसल्या होत्या. खोकी आली की भरायला सुरुवात. दहा वाजले, अकरा वाजले. आणि कारखान्यातून फोन आला – खंबाटकी घाटात ट्रक उलटला, खोक्यांचा आहे म्हणतात.

आम्रपाली फाटकाशी जाऊन रस्त्याकडं बघत उभी राहिली. कंटेनर, लालासाहेब, नोकरी… काही म्हणजे काही आठवलं नाही. डोळ्यांपुढं फक्त ग्रीस लागलेला एक कान आला.

"पोरी, पाणी पी," निवडणाऱ्या बायकांतल्या हरणाबाई म्हणाल्या. "त्या गाडीत तुझं कोण हाय?"

"हाय," ती म्हणाली. शहरी बोली कुठल्या कुठं गेली होती. "माझंच हाय."

दुपार कलायला आली तेव्हा फाटकात हॉर्न वाजला. नवी निळी ताडपत्री, चिखलानं माखलेली चाकं, आणि खिडकीतून डोकावणारा कपिल. ती धावली. तो उडी मारून खाली उतरला.

"खोकी सुखरूप हायती! एकबी भिजलं न्हाई. फुडं दुसऱ्याच कुणाची तरी खोक्यांची गाडी उलटली, त्या ड्रायव्हरला काढला, माघारी घाटाखाली खंडाळ्याला दवाखान्यात पोचवला… वाचला बिचारा. म्हणून उशीर–"

"खोक्यांचं कोण विचारतंय!" ती ओरडली, आणि तिथंच रडायला लागली.

मागं बायका खोकी उतरवून भराभर भरायला लागल्या. कुणी मुद्दाम इकडं बघत नव्हतं आणि सगळ्या बघत होत्या.

"आम्रपाली," त्यानं पहिल्यांदाच नाव घेतलं, "मला तू… म्हंजी तुमी…"

"तूच म्हण."

"मला तू लय आवडतीस. तुझ्या घरी बोलायला कवा येऊ?"

तिनं ओढणीनं डोळे पुसले. "रविवारी. आणि तोंड धुऊन ये."

संध्याकाळी कंटेनर वेळेत बाहेर पडला. लालासाहेबांनी फोनवर दोनदा खात्री करून घेतली – डिझेल कमी, भाडंही कमी – आणि घसा खाकरून म्हणाले, "मग आता दर वेळी असंच कर."

तिनं समोरच्या बूथवरून कोयनानगरला शेजाऱ्यांकडं फोन लावला. आई धापा टाकत आली.

"आई, रविवारी एक जण जेवायला येतोय."

"कोण गं?"

काचेतून आम्रपालीला आवारातला नळ दिसत होता. कपिल तोंडाला साबणाचा फेस लावून, डोळे मिटून, चाचपडत तांब्या शोधत होता.

"सांगते सगळं," ती हसू दाबत म्हणाली. "तू आधी भाकरी जास्त थाप."