ईरम्माचा चेहरा साफ करताना

शिवलिंगप्पाला मेलेल्या बायकोचा चेहरा आठवेना, एवढंच दुखणं. सत्तरीत माणसाला स्वतःचा चष्मा सापडत नाही, बायकोचं काय घेऊन बसलात! पण म्हातारा हट्टाला पेटला. ईरम्माचा फोटो एकच, आधार कार्डावरचा, आणि त्यात ती आहे की तिचा भाऊ, हे सरकारलाच ठाऊक. उरला पुतण्याच्या लग्नातला व्हिडिओ. नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी साध्या मोबाइलवर काढलेला.

नात भुवनेश्वरीनं भर दुपारी पडदे ओढले, लॅपटॉपची केबल टीव्हीला जोडली. टीव्ही त्रेचाळीस इंची, व्हिडिओ पोस्टाच्या तिकिटाएवढा. नुसते चौकोन नाचायला लागले.

“भुवी, ही वऱ्हाडी हायत का फरशा गं?”

“दम धर की अज्जा. साफ करायचं सॉफ्टवेअर घातलंय.”

आधी मागच्या रांगेतला बिरप्पा आला. मिशीतली बुंदी दिसावी इतका स्वच्छ! म्हातारा खदखदून हसला. मग अंबुबाई. मग जोतिराम. बाकी सगळे चौकोनीच. नवरा-नवरी, छोटी भुवी, पहिल्या रांगेतली ईरम्मासुद्धा.

भुवीचं हसू विरलं.

“अज्जा... बिरप्पाकाका गेले ना?”

“करोनात.”

“अंबुबाई?”

“औंदा दिवाळीत.”

“जोतिराममामा पण गेले... अज्जा, गेलेलीच माणसं साफ दिसायलेत. मग अज्जी...?”

म्हातारा टीव्हीच्या पुढ्यात सरकला.

सात वर्षांपूर्वी ईरम्मा उजनीकाठच्या बहिणीकडं म्हणून निघाली, ती पोचलीच नाही. आठव्या दिवशी पाण्यात एक बाई सापडली. चेहरा उरला नव्हता. शिवलिंगप्पानं साडीचा काठ चिमटीत धरला आणि म्हणाला, ही आमचीच. नवी पेठेत चाळीस वर्षं साड्या विकलेला माणूस, शंका कोण घेणार? शोध थांबला. बाईला लिंगायत रीतीप्रमाणं बसवून पुरलं.

आणि आता टीव्हीवरच्या चौकोनांतही ओळखू येणाऱ्या त्याच काठाच्या साड्या ओळीनं बसल्या होत्या. आहेराच्या, एकाच गठ्ठ्यातल्या. गठ्ठा त्यानंच दुकानातून सवलतीत काढून दिला होता.

“म्हंजे ती हाय...” म्हातारा उठला. “कुटंतरी वाट बघत बसली असंल. माझं पायताण दे. चल, ऊठ!”

तेवढ्यात पहिल्या रांगेतले चौकोन विरघळायला लागले. आधी कपाळ आलं. मग नाक.

“नगं! भुवी, थांबव... होती तशी ऱ्हाऊ दे तिला!”

“मी काहीच करीना अज्जा...”

तिनं केबल उपसली. लॅपटॉप मिटला. टीव्हीवर डोळे आले.

खोलीत फिनेलचा वास पसरला.

हाच तो चेहरा, लख्ख. लग्नासाठी ईरम्मानं मेंदी लावून केस लालभडक केले होते, त्यावरून आपण तिला दिवसभर चिडवलं होतं, हे शिवलिंगप्पाला आत्ता आठवलं. पडद्यावरचे केस पांढरेफटक होते, मुळापाशी कातरलेले. आणि आहेराच्या साडीवर टेकलेल्या मनगटाला दवाखान्याची पट्टी होती. तिच्यावर नावाची जागा कोरी होती.